शेवटच्या पानावरचा पूल

आंबेगाव तालुक्यात रेल्वे काही अजून आलेली नाही. निवडणूक लागली की ती मंचरपर्यंत येते आणि निकाल लागला की परत जाते. पण महाळुंगे पडवळच्या पुढं घोड नदीवर रुळांचा एक पूल मात्र होता. दगडी खांब, त्यावर गंजलेल्या लोखंडी कैच्या आणि वर लाकडी स्लीपर. रूळ कधीच गायब झाले होते. हा पूल कुणाचा म्हणून गावात चार माणसांना विचारलं तर पाच उत्तरं मिळायची. कुणी म्हणे, इंग्रजांनी बंधाऱ्याला दगड न्यायला ढकलगाड्यांची लाइन टाकली होती. कुणी म्हणे, पुणे-नाशिक रेल्वेचं काम ठेकेदारानं मधूनच सुरू केलं आणि मधेच टाकून पळाला. मी ज्यांच्या घरात बरीच वर्षं भाड्यानं राहिले त्या अण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, "कुणी का बांधला आसंना. त्यावरनं चालतं कोण त्ये बघा."

अण्णा फोटोग्राफर होते. पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ, मागं ते आणि काकी, आणि माडीवरच्या खोलीत मी. हायस्कुलात भूगोलाची बाई म्हणून डिंगोऱ्याहून इथं आले तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. खोली शोधताना माझ्या चपला झिजल्या. आडनाव सांगितलं की रिकाम्या खोल्या भरून जायच्या. कुणाचा पुतण्या पुण्याहून यायचा असायचा, कुणाला तिथं कांदा ठेवायचा असायचा. अण्णांच्या दारात गेले तेव्हा मी वैतागून आडनाव आधीच सांगून टाकलं आणि आम्ही बौद्ध आहोत हेही वर जोडलं. अण्णांनी डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "सकाळी नळ लई येळ अडवता का तुमी?"

काळेपांढरे फोटो ते घरीच धुवायचे आणि त्याला सकाळचं वाहतं पाणी लागायचं. भाडेकरू पाण्यावरून भांडणारा नसावा, एवढीच त्यांची चौकशी. मी माझ्या दोन कळश्या पहाटेच भरून घेईन म्हटलं आणि खोली मिळाली. पुढं कधी मी त्यांच्यापाशी हा विषय काढला असता तर ते गोंधळले असते, कारण आपण काही विशेष केलं हे त्यांच्या गावीच नव्हतं.

माणूस उंच आणि किडकिडीत. डोक्यावर टोपी, खांद्याला कॅमेरा आणि हातात काठी. फोटोग्राफरच्या हातात काठी कशाला, असं मला वाटायचं. एका लग्नात पाहिलं तेव्हा उलगडा झाला. अण्णांचे वडील मेंढरं राखायचे आणि अण्णांचंही पोरपण मेंढरांमागं गेलं होतं. लग्नात वऱ्हाडाचा ग्रुप फोटो काढायचा तर बाकीचे फोटोग्राफर पुढं उभं राहून "इकडं या, तिकडं सरका" म्हणून घसा कोरडा करतात. अण्णा माणसांच्या मागं जायचे. काठी आडवी धरून, तोंडानं हलकी शीळ घालत दोन्ही बाजूंनी एक एक फेरी मारायचे, की रुसलेले मामा, पानाला चुना लावत बसलेले पाहुणे, सगळे आपोआप मंडपात गोळा झालेले असायचे. कुणालाही आपल्याला हाकललं असं वाटायचं नाही. "माणूस पुढनं वडू न्हाई, बाई," ते मला सांगायचे. "मागनं नुसतं हाय म्हणून उभं ऱ्हायचं." वर्गावर मी हा प्रयोग करून पाहिला. पोरं मागच्या दारानं पळाली.

त्यांची दुसरी रीत म्हणजे ते कुणाला "हसा" म्हणायचे नाहीत. हसा म्हटल्यावर माणूस दात दाखवतो, हसत नाही, असं त्यांचं म्हणणं. समोरचा माणूस खुर्चीवर ताठ बसला की कॅमेऱ्यामागून ते एकदम विचारायचे, "म्हैस किती दूध देती?" माणूस क्षणभर वर बघायचा, तोंड अर्धवट उघडायचं, सकाळचं किती, संध्याकाळचं किती असा हिशेब डोळ्यांत यायचा, आणि तेवढ्यात खटका पडायचा. बारावीच्या फॉर्मपासून पासबुकापर्यंत आमच्या भागातल्या सगळ्या फोटोंत लोक काहीतरी मनाशी मोजत असलेले दिसतात. सगळ्यांचे चेहरे त्यामुळं खरे आहेत. माझाही फोटो काढताना त्यांनी एकदा तेच विचारलं, पण मला ती युक्ती ठाऊक होती. मी सरळ हसले. अण्णांनी तो फोटो मला दिलाच नाही, म्हणाले, "ह्यो तुमचा न्हाई. ह्यो कुणातरी पावणीचा हाय."

आता पुलाचं. लग्नाला तेव्हा रंगीत रिळं लागायची, छत्तीस फोटोंची एक. लग्नाच्या शेवटच्या रिळातला शेवटचा फोटो अण्णा काढायचेच नाहीत. तो ठेवायचे पुलासाठी. वरात गेली, मांडव उतरला, की अण्णा कॅमेरा घेऊन नदीवर. पूल ओलांडून पलीकडच्या काठाला करंजाच्या झाडाखाली बसायचे आणि वाट बघायचे. उन्हाची नाही, ढगाची नाही. माणसाची. पलीकडं एक वाडी होती, थोडी घरं आमच्या लोकांची आणि थोडी मेंढपाळांची. वाडीला गावात यायला दुसरी जवळची वाट नव्हती. डांबरी रस्त्यानं कळंबच्या पुलावरून फिरून यायचं म्हणजे अर्धा दिवस तिथंच. म्हणून वाडीच्या लोकांनी स्लीपरांवर बाभळीच्या फळ्या, जुने पत्रे टाकून पायवाट केली होती. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी त्या पुलावरून शाळेला यायच्या.

पुलावर माणूस पाहिजे, आणि तो आपल्या कामानं चाललेला पाहिजे, ही अण्णांची अट. मुद्दाम उभा केलेला चालायचा नाही. तिथं बसलेलं पाहून एखादा भला माणूस म्हणायचा, अण्णा, मी जातो की पलीकडं, काढा माझा. अण्णा म्हणायचे, "तुझं काय काम हाय तिकडं? मग?" आणि परत झाडाला टेकायचे. कधी लगेच कुणी यायचं, पण ते अण्णांना आवडायला पाहिजे ना. शेवटी हा एक फोटो निघेपर्यंत लग्नाची सगळी रिळं डब्यात पडून राहायची, कारण रिळं एकदमच पुण्याला धुवायला पाठवायची हाही त्यांचाच नियम. नवरी सासरी जाऊन दिवाळसणाला परत यायची तरी अल्बमचा पत्ता नसायचा. काकी चुलीपुढं बसून म्हणायच्या, "येका फोटूपायी लोकांची लग्नं डब्यात कोंडून ठिवल्यात या माणसानं."

मग अल्बम यायचा, आणि शेवटच्या पानावर वरमाय नाही, जेवणावळ नाही, नवरा-नवरीही नाही. पूल. त्यावरून कुणी बाई गवताचा भारा घेऊन चाललेली, नाहीतर कुणी म्हातारा नातवाला खांद्यावर घेऊन. त्या फोटोचे पैसे ते लावायचे नाहीत. मुंबईकडच्या सासरचे लोक अल्बम बघताना शेवटी अडखळायचे आणि विचारायचे, हे कोण, लग्नाला आले होते का?

असं का करता म्हणून मी किती वेळा विचारलं असेल. दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाले, रीळ वाया जाऊ नये म्हणून. एकदा म्हणाले, नदीची हवा काकीच्या बोलण्यापेक्षा बरी. एकदाच जरा सावकाश सांगितलं. लहानपणी कळप घेऊन पुलावर आले की मेंढरं थांबायची. फळ्यांच्या फटीतून खालचं पाणी दिसलं की मेंढरू पाय टाकत नाही. मग त्यांचे वडील घोंगडी अंथरायचे आणि एकाच मेंढीला कानाशी काहीतरी बोलत पलीकडं न्यायचे. "येक गेलं का मागची समदी जातात. पण त्या पयल्याला न्यायला लई येळ लागतो. मला त्ये बघायला आवडायचं." एवढंच. फोटोंशी याचा काय संबंध ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या मेंढराचं दुःख मला चांगलं कळत होतं, कारण मीही त्या पुलावर पाय टाकला नव्हता. एकदा चार पावलं गेले होते. फटीतून पाणी पळताना दिसलं आणि आपणच मागं मागं चाललोय असं वाटून मी तिथंच खाली बसले. सुमन नावाची माझी सहावीतली विद्यार्थिनी होती, वाडीतली. तिनं माझा हात धरून मला काठावर आणलं आणि वर म्हणाली, "बाई, तुमी नद्या शिकवता आन् पाण्याला भेता?" तेव्हापासून काकींनी अण्णांना जेवायला बोलवायला पाठवलं की मी अलीकडच्या काठावरूनच हाका मारायची. अण्णांना एका कानानं कमी ऐकू यायचं. कुठल्या, ते हाक मारणाऱ्यावर अवलंबून असायचं.

भांडणंही व्हायची. नदीकाठचे एक बागाईतदार होते, आवाज मोठा आणि मिशा त्याहून मोठ्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम असाच रखडला. आला तेव्हा त्यांनी तो काउंटरवर आपटला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारलं की आमच्या पोरीच्या लग्नात हे भंगार कशाला. अण्णा शांतपणे म्हणाले, नको असेल तर पान फाडा, तुमचंच आहे. बागाईतदारांनी पान धरलं, पण लग्नाचा अल्बम स्वतःच्या हातानं फाडायला त्यांचं मन झालं नाही. तसाच काखेत मारून, पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही म्हणून सांगून गेले.

भंगार हा शब्द मात्र खरा होऊ पाहत होता. नव्वदीच्या शेवटाला पूल ज्या खात्याचा होता त्या खात्याला आपल्याकडं एक पूल आहे याची आठवण झाली. पूल वापरात नाही, लोखंड काढून लिलाव करावा, असं ठरलं. वाडीत बातमी गेली आणि तिथून माझ्या वर्गात आली. सुमन तेव्हा नववीत होती. तिच्या आजोबांनी स्पष्टच सांगितलं होतं की पूल गेला तर शाळा बंद, फिरून जायला पोरीला पाठवणार नाही, आणि स्थळ तर आलेलंच आहे. वाडीच्या लोकांनी अर्ज केला. खात्याचे साहेब भले होते, म्हणाले, मी स्वतः येऊन पाहतो. पूल खरंच वापरात असला तर तसं लिहीन.

साहेब येणार म्हटल्यावर वाडीनं जे केलं ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि लगेच कसंतरी होतं. आदल्या दिवसापासून सगळी वाडी पुलावर. फळ्या घासून धुतल्या. लेंड्या, शेण, पडलेल्या काटक्या, सगळं झाडून नदीत. दोन्हीकडची पायवाट, जी वर्षानुवर्षं पायांनी मळली होती, तिच्यावर बायकांनी सडा घातला आणि रांगोळी काढली. तोंडाला आंब्याचं तोरण. पोरांना शाळेतून सुट्टी मागून घेतली आणि नवे कपडे घातले. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की साहेबांच्या आधी पुलावर कुणी पाय ठेवायचा नाही, ते बरं दिसत नाही. सगळे दोन्ही काठांना रांगेत हात जोडून उभे राहिले. साहेब आले. त्यांनी पाहिलं ते असं की कोऱ्या पाटीसारखा स्वच्छ पूल, आणि तासभर ते तिथं होते तोवर त्यावरून एक माणूस गेला नाही. त्यांनी चहा घेतला, नारळ घेतला, लोकांचं कौतुक केलं, आणि जाऊन लिहिलं की वापराची खूण आढळत नाही.

अण्णा तेव्हा तळेघरकडं लग्नाला गेले होते. त्यांना आल्यावर मी सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि विचारलं, "वाटंवर पण सडा घातला?" हो म्हटलं. "रांगोळी?" तीपण. अण्णा खुर्चीत बसून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी पुसता पुसता त्यांचं हसणं थांबलं. म्हणाले, "फोटू हाईत की, बाई."

कुठं आहेत, मी विचारलं. कारण अण्णांकडं त्यांच्या फोटोंतलं काही नसायचं. निगेटिव्ह ज्याची त्याला द्यायची, दुसऱ्याचं लगीन आपल्या घरात ठेवायचं नाही, हीपण त्यांची एक रीत. "लोकांच्या कपाटात," ते म्हणाले.

मी साहेबांना भेटून आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पुरावा असेल तर एका रविवारी पुन्हा येतो, तोपर्यंत कागद पुढं पाठवत नाही. आता प्रश्न असा होता की ज्या लोकांना अण्णांनी महिनोन् महिने तंगवलं होतं, ज्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, ते लोक आपले अल्बम देतील का. अण्णा स्वतः कुणाकडं मागायला गेले नाहीत. मला वाटतं ते घाबरले होते. त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहिलं. दोन दिवस स्टुडिओ उघडून नुसते बसून राहिले, काठी मांडीवर घेऊन. माझ्या पोरींनी मात्र गावोगाव निरोप पोचवले.

पहिला अल्बम आला तो मोटारसायकलवरून. बागाईतदार. पायरी चढणार नाही म्हटलं होतं म्हणून ते पायरीखालीच उभे राहिले आणि अल्बम मलाच दिला. नजर दुसरीकडं ठेवून म्हणाले, "पोरीला सासरी करमत न्हवतं पयल्या वर्सी. जावई सांगत व्हता, रोज ह्येच पान काढून बसायची. हितली नदी दिसती म्हून." मग अण्णांकडं न बघता, "जपून आणा परत," म्हणाले आणि गाडीला किक मारली. अण्णा आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

एक गेलं की मागची जातात. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तळेघरहून, घोडेगावहून, जुन्नरच्या बाजूनं, माझ्या डिंगोऱ्याहूनसुद्धा माणसं अल्बम घेऊन आली. कुणी साडीत गुंडाळून, कुणी पत्र्याच्या पेटीत. फक्त शेवटचं पान काढून द्या म्हटलं तर कुणी तयार नाही. लग्न काय अर्धं देतात का? आणि साहेबांनी पहिला अल्बम घेऊन मागून उघडला, तर त्या अल्बमची मालकीण त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आसं न्हाई, सायेब. हळदीपासनं बघा."

आता साहेबांना काय सुटका? त्यांनी हळदीपासून बघितलं. मामा बघितले, रुखवत बघितला, मुंडावळ्यांतून बघणारा नवरदेव बघितला, त्याची म्हैस किती दूध देत असेल याचा हिशेब बघितला, आणि शेवटी पूल. दुसरा अल्बम, परत हळद. सकाळची दुपार झाली. चौथ्या-पाचव्या अल्बमनंतर साहेब स्वतःच नवरीचं आता कसं चाललंय म्हणून विचारू लागले. पहिल्या पानावर लग्नाची तारीख, शेवटच्या पानावर पूल, आणि त्यावर कुणीतरी आपल्या कामानं चाललेलं. पावसाळ्यात पोतं पांघरून, उन्हाळ्यात पायात काही नसताना. डोक्यावर दळण. खांद्यावर आजारी माणूस. पायवाट मळलेली, फळ्या झिजलेल्या, मधल्या पत्र्यावर शेण.

दिवस कलताना साहेबांनी एक अल्बम मिटला आणि आधी बघितलेला परत मागितला. दोन्ही शेजारी ठेवले, मग तिसरा. म्हणाले, "ही मुलगी एकच आहे का?" मी वाकून बघितलं. पहिल्यात एक चिमुरडी, पाटी छातीशी धरून, मोठ्या भावाच्या सदऱ्याला धरून चाललेली. दुसऱ्यात तीच, दोन वेण्या, दप्तर डोक्यावर. तिसऱ्यात आमच्या शाळेच्या गणवेशात, एकटी, मान वर करून. दुसऱ्यांच्या लग्नांच्या शेवटच्या पानांवर ती मोठी होत गेली होती. सुमन तिथंच चहाचे कप गोळा करत होती. तिनं साहेबांकडं बघितलं आणि म्हणाली, "मी हाय ती."

साहेबांनी पेन काढलं आणि तिथंच, अल्बमवर कागद ठेवून लिहिलं की पूल नित्य वापरात आहे. लोकांना ते वाचून दाखवलं. मी अण्णांना सांगायला बाहेर गेले, तर ते व्हरांड्यात आत गेलेल्या लोकांच्या चपला जोडीनं लावत बसले होते. आपले फोटो लोक बघत असताना त्यांना तिथं बसवायचं नाही. मी सांगितल्यावर मान हलवली आणि म्हणाले, "चला, सुमनीची धावी झाली म्हणायची." त्या दिवशी मला या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी व्हरांड्यातच रडले. ते घाबरून काकींना बोलवायला निघाले.

सुमनची दहावी झाली, पुढं नर्सिंगही झालं. मध्यंतरी माझी बदली नारायणगावला झाली आणि माडी सुटली. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी पुलाच्या खालच्या अंगाला सिमेंटचा चांगला रुंद पूल झाला. वाडीत मोटारसायकली आल्या, शाळेची पोरं जीपनं जाऊ लागली. त्याच सुमाराला पोरांच्या हातात रीळ नसलेले कॅमेरे आले. लग्नाचे हजार फोटो निघायचे आणि त्यात शेवटचा असा कुठलाच नसायचा. अण्णांचा स्टुडिओ ओस पडला. जुन्या पुलावर आता कुणाचंच काम नव्हतं.

सुमनचं लग्न तळेघरच्या मुलाशी झालं तेव्हा तिनं हट्टानं अण्णांनाच बोलावलं, रिळाचा कॅमेरा घेऊन. नंतर एकदा ती मला नारायणगावच्या स्टँडवर भेटली, कडेवर पोरगा. अल्बम कसा झालाय म्हटलं तर हसायला लागली. "बाई, ह्यो बालवाडीत जायला आला, आजून अल्बम न्हाई. तुमी तरी सांगा अण्णांना. मी म्हणलं पुलावरनं मी जाते, तर म्हणतात, तुजं काय काम हाय तिकडं."

मी पुढच्या रविवारी महाळुंग्याला गेले. काकी थकल्या होत्या. नदीकडं हात करून म्हणाल्या, "बसलाय. रोज जातो. बिना जेवता बसतो." मी जुन्या पुलापाशी गेले. पलीकडं करंजाखाली टोपी दिसत होती. मी हाका मारल्या. आता मात्र त्यांचे दोन्ही कान गेले होते. नव्या पुलावरून जाता आलं असतं, तशी वाट होती. पण मला राग आला होता. जेवणखाण सोडून एका पोरीचं लग्न कॅमेऱ्यात अडकवून बसलेल्या या म्हाताऱ्याला आत्ताच्या आत्ता चार शब्द सुनवायचे होते, आणि त्या तिरमिरीत मी पुलावर पाय टाकला.

फळ्या निम्म्या गेल्या होत्या. खाली पाणी पळत होतं. मी लोखंडाला धरून, खाली न बघायचं ठरवून, पुन्हा पुन्हा खाली बघत चालत राहिले. मध्यावर आले आणि पाय उचलेना. समोर बघितलं तर अण्णा उठून उभे राहिले होते आणि कॅमेरा डोळ्याला लावलेला होता. मला रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात पलीकडून त्यांचा आवाज आला, "बाई, म्हैस किती दूध देती?"

ती युक्ती मला पहिल्यापासून ठाऊक होती. तरी सांगते, त्या वेळी मी वर बघितलं आणि खरंच आठवायला लागले. खटका मला इतक्या लांबून ऐकू आला नसणार, पण ऐकू आला असं वाटतं. मग उरलेला पूल मी कसा ओलांडला ते कळलं नाही. पलीकडं गेल्यावर मी त्यांना सुनवायचे ते चार शब्द सुनवले. अण्णांनी दोन्ही बहिऱ्या कानांनी ते ऐकून घेतले आणि मला म्हणाले, "चला, जेवाय जाऊ."

अण्णा त्यानंतर फार दिवस नव्हते. अल्बम मात्र त्यांनी स्वतः तळेघरला पोचवला, एसटीनं आणि पुढं चालत.

अण्णा गेल्यावर मी सुमनकडं गेले होते. तिनं अल्बम काढला आणि अर्थात हळदीपासून दाखवला. इतकी वर्षं रिळं न धुता पडून राहिल्यामुळं रंग सगळे लालसर झाले होते, सगळं लग्न संध्याकाळी लागल्यासारखं. शेवटचं पान आलं. पुलाच्या मध्यावर मी. पदर सुटलेला, एका हातानं गंजलेलं लोखंड घट्ट धरलेलं, तोंड अर्धवट उघडं आणि डोळे वर, सकाळचं किती आणि संध्याकाळचं किती. आमच्या डिंगोऱ्याच्या घरी म्हैस कधी नव्हतीच.

सुमनचा पोरगा माझ्या मांडीला टेकून बघत होता. त्यानं फोटोवर बोट ठेवलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "कुठं चालल्या तुमी?"

"अण्णांकडं," मी म्हणाले.